गॅस संपत नाही

(अकोल्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ऊन तापायला लागलं की आपल्याकडच्या गॅरेजांसमोर एकच वाक्य ऐकू येतं. "एसी कूलिंग करत नाही, गॅस संपला असेल, भरून टाका." मिस्त्री गॅस भरतो, गाडी गार होते, आणि पुढच्या चैत्रात तेच बोलणं पुन्हा होतं. माझं आजचं व्याख्यान या एका वाक्याविरुद्ध आहे. पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून तो अगदी थोडा झिरपतो, म्हणून सात-आठ वर्षांच्या गाडीत एकदा भरावा लागला तर नवल नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागतो, तेव्हा मात्र गाडीला कुठेतरी भोक आहे.

हा गॅस गारवा करतो कसा? माठातलं पाणी बाहेर पाझरून उडतं आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं, तेच इथे घडतं. गेली अनेक वर्षं आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस आहे. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळतो आणि आतल्या हवेची उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होतो.

आता आपल्या विदर्भाचा प्रश्न. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. बाहेर ४५ अंश असतील तर कंडेन्सरमधला गॅस त्याहून बराच गरम, म्हणजे ६०-६५ अंशांचा असावा लागतो. त्यासाठी दाब प्रत्येक चौरस इंचाला २५० पौंडांच्या आसपास न्यावा लागतो. म्हणून कंडेन्सरच्या जाळीत धूळ, कापूस, किडे अडकले असले, तर नोव्हेंबरात न जाणवलेला दोष मे महिन्यात उघडा पडतो. उन्हाळ्याच्या तोंडी ही जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्या. प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पत्र्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते. इतकं साधं काम, पण गॅस भरण्याआधी ते करणारी गॅरेजं मला फार थोडी दिसतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधी मालकाने एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं: कूलिंग जातं कधी?

हायवेवर गाडी छान गार राहते आणि सिग्नलला थांबली की गरम हवा येते, असं असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. धावताना वाऱ्यानेच काम भागतं. उभ्या गाडीत ते पंख्याने करायचं असतं. पंख्याची मोटर, रिले, फ्यूज हे आधी तपासा.

सुरुवातीला उत्तम गारवा, मग हळूहळू हवेचा झोतच कमी होत जातो, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला की सगळं ठीक. अशा वेळी बहुधा कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. त्याचं कारण बिघडलेला तापमान सेन्सर असू शकतो, किंवा मळाने गच्च झालेला केबिन फिल्टर. हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरीही बदलता येतो. झोत पहिल्यापासूनच मंद असेल, तरी तपासणी तिथूनच सुरू करावी.

इंजिन तापलं की कूलिंग जातं आणि गाडी निवली की परत येतं, असं असेल तर कॉम्प्रेसरचा क्लच बघायला सांगा. त्याच्या दोन चकत्या झिजून त्यांच्यामधली फट वाढली की क्लचच्या गरम झालेल्या कॉइलचं चुंबकत्व चकतीला ओढायला पुरत नाही. १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने शिकागोच्या प्रदर्शनात पहिली वातानुकूलित गाडी मांडली. तिच्यात हा क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. हा छोटा भाग फार मोलाचा आहे, आणि कित्येकदा तेवढ्याच दुरुस्तीवर भागत असताना अख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो.

हवा जोरात येते, कॉम्प्रेसरही चालतो, पण एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसरीतून कोमट. तर गॅस कमी असेल किंवा हीटरचा फ्लॅप नीट मिटत नसेल. आणि हेही पाहून घ्या की आतली हवा आतच फिरवणारं बटण चालू आहे ना. ते बंद असेल तर एसीला दर क्षणी बाहेरची ४५ अंशांची हवा नव्याने गार करावी लागते.

गेज लावल्यावर मिस्त्रीला दोन्ही बाजूंचे दाब दिसतात. दोन्ही कमी असले तर गॅस कमी. दोन्ही जास्त असले तर कंडेन्सर गुदमरलाय, गॅस जादा भरलाय किंवा नळ्यांत हवा शिरली आहे. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. मात्र गॅस नेमका किती आहे हे गेज सांगत नाही. बंद गाडीत द्रव थोडा असो वा पुष्कळ, दाब तपमानाप्रमाणेच राहतो. म्हणून गॅस वजनावरच भरायला हवा. तो किती ग्रॅम लागतो, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. अंदाजाने भरलेला जादा गॅस कूलिंग वाढवत नाही, घटवतो.

गळती शोधणं कष्टाचं काम आहे. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, म्हणून जिथून गॅस जातो तिथे तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसते. सांध्यांचे ओ-रिंग, सर्व्हिस पोर्टची पिन, कॉम्प्रेसरचं सील, दगड लागलेला कंडेन्सर, या जागा आधी पाहाव्यात. कोकणात खारा वारा कंडेन्सर कुरतडतो. डॅशबोर्डमागची कॉइल सगळ्यांत अवघड, कारण तिथला डाग दिसतच नाही. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचं पाणी लावून किंवा लीक डिटेक्टर फिरवून ती जागा सापडते. साधी हवा भरून तपासू नये, तिच्यासोबत ओलावा जातो. आत राहिलेला ओलावा गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि तेलात आम्लं तयार करतो. म्हणूनच दुरुस्तीनंतर ओलावा टिपणारा ड्रायर बदलायचा आणि निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा. "दहा मिनिटांत करून देतो" म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. कमी गॅसवर वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत कॉम्प्रेसरला तेल पोचत नाही, आणि शेवटी गळतीच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

आता त्या सुटलेल्या गॅसबद्दल. पूर्वीचा आर-१२ ओझोनचा थर विरळ करतो. क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा हा धोका मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ हटत गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो. एका गाडीतला अर्धा किलो गॅस मोकळा सोडणं म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो चालत नाही. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ मध्ये झालेली किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो थोडा ज्वलनशील आहे आणि दुसऱ्या कुठल्याही गॅसमध्ये मिसळायचा नाही.

म्हणून दुरुस्तीला जाताना मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा: जुना गॅस मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेणार का, गळती कुठे सापडली ती जागा दाखवणार का, आणि नवा गॅस किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून देणार का. तिन्हींना होकार देणारी गॅरेजं आपल्या शहरात आहेत. ती थोडा जास्त वेळ घेतात आणि थोडे जास्त पैसे मागतात. ते द्या.