प्रपंच सांभाळून बुद्धिबळ



आपल्या मंडळाच्या बुद्धिबळ-स्पर्धेत मुलांची गर्दी असते. चाळिशीपुढील गृहस्थ मात्र पटाभोवती उभे राहून चाली सुचविण्यातच समाधान मानतात. ‘आता शिकावयास वय नाही आणि वेळही नाही,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्याविषयी चार शब्द सांगावेत, असे आम्ही योजिले आहे.

ॲम्स्टरडॅम येथे मुलींच्या शाळेत गणित शिकविणारे डॉ. मॅक्स यूवे यांनी १९३५ साली जगज्जेत्या अलेखिनचा पराभव केला. १९४८ साली जगज्जेते झालेले बोटविनिक व्यवसायाने विद्युत् अभियंते होते. त्यांची प्रतिभा आपणांजवळ नाही, हे उघड आहे. परंतु पोटाचा उद्योग आणि पट यांचे हाडवैर नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

प्रश्न उरतो तो अर्ध्या तासाच्या विनियोगाचा. प्रारंभीच्या चालींची लांबलचक पाठांतरे प्रापंचिक माणसाने करू नयेत. आठ दिवस खंड पडला की ती विसरतात. डावाच्या अखेरीपासून अभ्यास करावा, असे कापाब्लांका सांगत. राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, हेच पाहा. प्यादे पाचव्या ओळीत आणि आपला राजा त्याच्या पुढच्याच घरात असेल, तर चाल कोणाचीही असो, त्या प्याद्याचा वजीर होतोच. अपवाद फक्त कडेच्या प्याद्याचा. उलट प्यादे पुढे आणि राजा मागे राहिला, तर प्रतिपक्षाचा राजा प्याद्यासमोर ठाण मांडून, योग्य वेळी सरळ मागे हटून डाव बरोबरीत सोडवितो. हे तत्त्व एकदा उमगले की जन्मभर पुरते.

दुसरे असे की, मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे वीस डाव खेळणे ही करमणूक झाली, अभ्यास नव्हे. आठवड्यास एकच डाव सावकाश खेळावा, प्रत्येक चाल लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी आपला विचार कोठे चुकला हे स्वतः शोधावे. यंत्रास त्यानंतर विचारावे.

आणि याचा लाभ पटापुरताच राहत नाही. ‘अभ्यासाला बैस’ असे मुलांना आपण नित्य सांगतो. परंतु वडील माणूस स्वतः वही-पेन्सिल घेऊन काही शिकत बसला आहे, हे दृश्य किती घरांत दिसते? ते दिसू लागले, तर सांगण्याची गरज पुष्कळच कमी होईल.

पुढील वर्षी प्रौढांनी पटाभोवती उभे न राहता पटासमोर बसावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.