अंगावरचे शब्द



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. आम्ही काही भाषाशास्त्री नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि आयुष्य गेले कामगारांची गाऱ्हाणी कागदावर उतरवण्यात. परंतु गाऱ्हाणे लिहिणाऱ्याला शब्द तोलावेच लागतात. त्या सवयीने आज आपल्यापुढे काही साध्या शब्दांची चौकशी मांडणार आहोत. ते शब्द आपल्या सर्वांच्या अंगावरच आहेत.

आमचे बालपण १९७०च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात गेले. वडील साचे खात्यात होते. ज्यांच्या हातून रोज कित्येक वार कापड निघे, त्यांच्या घरी मात्र मुलांना वर्षाला एक नवा जोड मिळे, तोही दिवाळीला आणि वाढत्या अंगाचा. पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी त्या बरोबर यायच्या, तिसऱ्या वर्षी तोच सदरा धाकट्याच्या अंगावर. शाळेची खाकी अर्धी चड्डी, आत मांजरपाटाची बंडी, आणि रेशनच्या दुकानात रांग लावून आणलेले कंट्रोलचे कापड. हे स्वस्त कापड ठराविक प्रमाणात विणण्याचे बंधन सरकारने १९६४ साली गिरण्यांवर घातले होते. आईचे लुगडे मध्ये विरले की ती विरलेला भाग कापून काढी आणि चांगले दोन तुकडे जोडी. याला दंड घालणे म्हणत. दंडही विरला की त्याची गोधडी होई, आणि गोधडीनंतर पोतेरे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षीच्या दिवाळीला आमच्या चाळीत नवे कापड आले नाही. आम्ही बारा वर्षांचे होतो. कापड विणणारा कापडावाचून राहू शकतो, हे अर्थशास्त्र आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता त्या कपड्यांच्या नावांकडे वळू. पुढे वाचनालयात मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाती आले, तेव्हा ध्यानात आले की आमच्या त्या एका जोडात निम्मे जग शिवलेले होते. खाकी फारसी ‘खाक’ म्हणजे धुळीपासून आली. पायजमा म्हणजे फारसीत पायांचे वस्त्र. आजोबांची पैरण फारसी ‘पैराहन’ची नात. यांविषयी फारसा तंटा नाही.

तंटा आहे तो कमीज या शब्दाविषयी. एक पक्ष म्हणतो, हा अरबी ‘कमीस’. दुसरा म्हणतो, पोर्तुगीजांच्या ‘कमिझा’पासून आला. दोघेही हमरीतुमरीवर येतात, आणि गंमत अशी की मागे गेल्यास दोन्ही वाटा एकाच ठिकाणी मिळतात. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कमिसिया’ हा शब्द होता. सैनिक अंगात घालतात ते लिननचे वस्त्र, असा त्याचा उल्लेख संत जेरोमने सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी केला आहे. तोच शब्द पूर्वेकडे अरबीत गेला, पश्चिमेकडे पोर्तुगीजांत राहिला. म्हणजे भांडणारे दोघे एकाच घरचे!

आमच्या आवडीचा शब्द गंजीफ्रॉक. या गंजीचा गवताच्या गंजीशी संबंध नाही. इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीत गर्न्सी नावाचे बेट आहे. तिथला विणलेला अंगरखा खलाशी वापरीत. त्याला इंग्रजीत गर्न्सी फ्रॉक म्हणत. तेच आपले गंजीफ्रॉक झाले, असे मानतात. याउलट बनियन. आपल्या वाण्यांच्या नावावरून इंग्रजांनी एका सैल अंगरख्याला बनियन म्हटले, आणि तो शब्द विलायतेचे पाणी पिऊन आतल्या कपड्याचे नाव होऊन परत आला. एकाच दोरीवर वाळणाऱ्या या दोन नावांतले एक परदेशातून आलेले, दुसरे परदेशी जाऊन आलेले.

डुंगरीची गोष्ट अधिक मोहाची आहे. जगभरचे कामगार डंगरी घालतात. हा शब्द आपल्याकडील जाड्याभरड्या सुती कापडाच्या नावावरून इंग्रजीत गेला, हे पक्के. परंतु ते नाव मुंबईच्या डोंगरीवरूनच पडले काय? मुंबईकराला हे ऐकून उर भरून येतो, आम्हालाही येतो. तरीपण उच्चार जुळला म्हणजे पुरावा झाला नाही. मांजरपाटाचेही तसेच. कोणी त्याला मँचेस्टरशी जोडतो, कोणी ‘मादरपाट’ हे रूप पुढे करून मद्रासशी. अशा वेळी युनियनच्या कचेरीत जे तीन प्रश्न आम्ही विचारतो तेच विचारावेत: सर्वांत जुना कागद कोणता? माल कोणत्या वाटेने आला? आणि असाच फरक दुसऱ्या शब्दांतही झाला आहे काय? उत्तर नसेल तर प्रकरण उघडे ठेवावे. अभिमानासाठी निकाल लावू नये.

कोणी विचारील, या कीस काढण्याने कामगाराच्या पोटात काय पडते? एक उदाहरण देतो. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना गणवेश मिळेल, असे करारात लिहिले होते. मालकाचे म्हणणे, गणवेश म्हणजे शर्ट आणि पँट. बुटांचे पैसे पगारातून कापले जातील. कामगारांचे म्हणणे, ज्यावाचून दारातून आत सोडत नाहीत तो गणवेश. एका शब्दावर दोन बैठका गेल्या. तिथे व्युत्पत्ती कामाला आली नाही. शेवटी शब्द फोडून लिहिला: शर्ट दोन, पँटी दोन, बुटांचा जोड एक, पावसाळी कोट एक. कापलेले पैसे परत मिळाले.

यातून आम्ही इतकेच शिकलो की शब्द कुठून आला याने त्यावर आज कोणाचा हक्क आहे हे ठरत नाही. हा शब्द आपला नव्हे, हा पोशाख आपला नव्हे, असे बजावणाऱ्यांची आज वाण नाही. त्यांनी आपल्याच दोरीवरचे कपडे एकदा मोजावेत. जो घालतो, धुतो, ठिगळ लावतो, त्याचा तो शब्द.

जाता जाता एक विनंती. आपल्या घरी आजी असेल तर तिला बसवून विचारा, लहानपणी काय घालीत होता आणि त्याला काय म्हणत होता. शब्द, गाव आणि अंदाजे साल वहीत लिहा. दंड घालणे हा शब्द ऐकलेली माणसे कमी होत चालली आहेत. मांजरपाटाचा तंटा कदाचित अशाच एखाद्या वहीतून सुटेल.