शहराचं कडं आणि आपलं रान
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



विरार-अलिबाग रस्त्याबद्दल पाड्यापाड्यांतून विचारणा होते आहे, म्हणून आज तेवढंच बोलू.

मुंबईच्या पश्चिमेला समुद्र. त्यामुळे शहराभोवती पुरा गोल रस्ता होत नाही, अर्धं कडंच होतं. हे कडं वसईतल्या नवघरपासून निघतं आणि भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल, उरण, पेण करत अलिबागला जातं. लांबी सुमारे १२६ किलोमीटर. आधी एमएमआरडीएनं आखलं, पुढे काम रस्ते विकास महामंडळाकडे गेलं. गुजरात, नाशिक, पुणे, गोवा या वाटांच्या गाड्या शहरात न शिरता बाहेरून जाव्यात, हा हेतू. पण शहराचं 'बाहेर' म्हणजे वारली, कातकरी, ठाकरांचं घर.

आता कायदा. रानाची जमीन द्यायची तर ग्रामसभेची संमती हवी, असं केंद्राच्या वनखात्याचं २००९ चं पत्र सांगतं. मग ५ फेब्रुवारी २०१३ ला दुसरं पत्र निघालं. रस्ता, कालवा, विजेची लाईन ही 'रेषा' आहे, तिला ही संमती नको! रेषा कागदावर बारीक दिसते. जमिनीवर तिच्याखाली शेत जातं, पलीकडे सरपण राहतं.

त्याच पत्रात एक अपवाद आहे. आदिम जमातींचे मान्य झालेले हक्क बाधित होत असतील तर संमती लागतेच. आपले कातकरी आदिम जमातीत आहेत. पण शब्द नीट ऐका : 'मान्य झालेले'. दावा पडून असेल तर तिथे उपयोग नाही. मात्र वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सगळ्यांना आहे. दाव्याची तपासणी पुरी होईतो कुणाला उठवता येत नाही.

म्हणून कामं तीन. एक, ज्यांचे दावे राहिलेत त्यांनी भरा, पोच घ्या. कागद नसेल तर म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा आहे. दोन, ग्रामसभेला निम्मे लोक, त्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यातच. तीन, अशा रस्त्यावर कुठूनही चढता-उतरता येत नाही. गुरांना, माणसांना मोरी कुठे हवी ते ठरावात आत्ताच लिहा.

मोजणीवाले आले तर एकट्यानं कशावरही अंगठा देऊ नका. आधी ग्रामसभा, मग सही.

जिंदाबाद!