तिरप्या विहिरींतील झडप

परंड्याच्या परिसरांत जमिनीखालीं काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले आहेत. त्या कातळांत बोअर घेऊन पाणी काढणाऱ्या शेतकऱ्यास एक अनुभव चांगलाच परिचयाचा असतो. ऐन उन्हाळ्यांत मोटार बंद पडते, किंवा नळांतील झडप पाणी धरीनाशी होते, आणि मग तिकाटणें उभारून, नळामागून नळ उलगडीत, सगळा सरंजाम वर ओढून काढावा लागतो. दोष मुठीएवढ्या भागांत. परंतु त्यापायीं सारा नळ बाहेर येतो. हीच अडचण हजार-दीड हजार मीटर खोलीवर, भर समुद्रांत, आणि विहीर उभी नसून तिरपी असतांना आली, तर काय करावयाचें? प्रश्न काल्पनिक नाहीं. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, अरबी समुद्रांतील मुंबई हाय या तेलक्षेत्रांत तो नेहमींचाच आहे.

या क्षेत्राचा शोध १९७४ सालीं, समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या ‘सागर सम्राट’ या यंत्रनौकेच्या साह्यानें लागला. २१ मे १९७६ रोजीं तेथून तेल निघूं लागलें. तेथें पाण्याची खोली सुमारें ७५ मीटर. एवढ्या पाण्यांत पोलादी मंच उभारणें हें अतिशय खर्चाचें काम. म्हणून प्रत्येक विहिरीसाठीं निराळा मंच न बांधतां एकाच मंचावरून अनेक विहिरी, छत्रीच्या काड्यांप्रमाणें, चहूंकडे तिरप्या नेल्या जातात. वरून पाहतां त्यांचीं तोंडें शेजारींशेजारीं दिसतात, तळ मात्र एकमेकांपासून दूरवर पसरलेले असतात. मंचाचा खर्च वांचतो तो असा. त्याची किंमत पुढें, दुरुस्तीच्या वेळीं, द्यावी लागते.

आरंभीं तेल भूगर्भांतील दाबानें आपोआप वर येतें. पुढें दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी येऊं लागतें, आणि नळांतील द्रवाचा जड स्तंभ उचलण्याची शक्ति खालीं उरत नाहीं. अशा वेळीं त्या स्तंभासच हलकें करण्याची युक्ति योजतात. विहिरींत एकांत एक असे दोन नळ असतात. बाहेरचा रुंद, आंतला अरुंद. दोहोंमधील पोकळींत दाबाखालीं वायु सोडतात. तो ठराविक खोलीवर आंतल्या नळांत शिरतो, द्रवांत बुडबुडे मिसळतात, स्तंभ हलका होतो आणि तेल वर चढतें. वायूस आंत घेणारें द्वार म्हणजेच ही झडप. तिच्या पोटांत नायट्रोजन भरलेला धातूचा इवलासा भाता असतो. त्या भात्याच्या दाबावर झडप केव्हां उघडावी व केव्हां मिटावी हें ठरतें. एका नळावर अशा कांहीं झडपा कमी-अधिक खोलीवर असतात. विहीर सुरू करतांना वरच्या झडपा आधीं काम करतात व मग मिटतात; शेवटीं वायु सर्वांत खालच्या योग्य झडपेंतून जावा, अशी योजना असते. वरचीच झडप झिजून उघडी राहिली, तर वायु तेथूनच पळतो आणि खालचा स्तंभ जडच्या जड राहतो. वायूचा खर्च चालू, तेल मात्र थोडें, अशी ती स्थिति.

पूर्वीं झडप नळाच्या बाहेरच्या अंगास पक्की बसविलेली असे. ती बदलण्यास सबंध नळ काढावा लागे. पुढें नळाच्या कुशींत एक कोनाडा करण्याची कल्पना निघाली. जुन्या घराच्या भिंतींत दिव्यासाठीं कोनाडा असावा, तशा त्या कोनाड्यांत झडप बसते आणि मधली वाट मोकळी राहते. आतां सुमारें पावणेतीन मिलिमीटर जाडीच्या एका पोलादी तारेवर हत्यार सोडून झडप काढतां येते. विहिरींत पडलेली घागर दोराला गळ बांधून काढावी, त्यांतलाच हा प्रकार. मात्र गळ टाकणाऱ्यास निदान पाणी दिसतें, येथें कांहींच दिसत नाहीं. तारेवरील ताण दाखविणारा कांटा आणि खोली मोजणारें चाक, एवढेच काय ते कारागिराचे डोळे.

तारेच्या टोकाशीं वजनदार दांडे, त्यांखालीं हिसका देणारी सरकती जोडणी, आणि शेवटीं वांकणारा हात असलेलें हत्यार. हें हत्यार कोनाड्याच्या खालीं नेऊन वर ओढतात. त्याची कळ नळांतील खांचेंत अडकते, हत्यार फिरून कोनाड्यासमोर येतें, आणि त्याचा हात बाजूस कलतो. मग तें अलगद खालीं सोडून झडपेचें डोकें पकडावयाचें व वर हिसके द्यावयाचे.

उभ्या विहिरींत हें सर्व वजनाच्या बळावर चालतें. मुलूखमैदान तोफ १६३२ मध्यें परंड्याहून विजापुरास नेली गेली, तेव्हां वजन हा वैरी होता. तारेच्या कामांत वजन हाच एकमेव मित्र. विहीर उभ्या रेषेपासून ६० अंश कलली कीं त्या वजनाचा निम्माच भाग नळाच्या दिशेनें ओढतो. ७५ अंशांवर जेमतेम चौथाई उरतो. बाकीचा भार नळाच्या खालच्या अंगावर घासतो. साधारणतः ६५ ते ७० अंशांच्या पुढें हत्यार नळांत नुसतें निजून राहतें. दांड्यांना चाकें लावून घर्षण कमी केलें जातें, तेणेंकरून आणखी कांहीं अंश साधतात. पण चाकें हिसक्याचें बळ वाढवीत नाहींत. शिवाय कोनाडा नळाच्या वरच्या अंगास आला असेल, तर खालच्या अंगावर पडलेल्या हत्याराच्या हातास झडप उचलून धरावी लागते, आणि इवल्याशा कमानीवर तो भार पडतो. कांट्यावर दिसणारा ताण झडपेचा कीं घर्षणाचा, हें ओळखणें तर सर्वांत कठीण.

म्हणूनच या कामांत शक्तीपेक्षां पूर्वतयारीस अधिक मान आहे. प्रथम मापाचें हत्यार सोडून वाट मोकळी असल्याची खात्री करतात. निसटलेली झडप तळाशीं जाऊं नये म्हणून खालीं अडसर बसवितात. पोकळींतील व नळांतील दाब समान करतात. हें न केल्यास झडप सुटतांच वायूचा झोत हत्यारास वर उडवितो आणि तारेचा गुंता होतो. तारेचा तुकडा कापून, पिळून, तिचा चिवटपणा तपासतात. ती सुमारें एक टन ताणाला तुटते, आणि तिरप्या विहिरींत तुटलेली तार खालच्या अंगास चिकटून पडल्यानें गळास सहजीं सांपडत नाहीं. पुरेसे हिसके देऊनही झडप न हालल्यास थांबणें, हत्यार सोडवून वर घेणें आणि गुंडाळलेली लवचिक नळी किंवा नळांत चालणारें विजेचें यंत्र मागविणें, हेंच शहाणपणाचें ठरतें. तीं साधनें महाग असलीं तरी अडलेल्या विहिरीहून स्वस्त.

झडप निघाली, तर नवी झडप त्याच वाटेनें जाते. या वेळीं हिसके खालीं द्यावयाचे असतात, आणि तिरप्या नळांत खालचा हिसका सर्वांत दुबळा. ती बसल्यावर ताण पाहून, मग दाब तपासून खात्री करतात. वर आलेली जुनी झडप धुऊन तपासणीच्या मेजावर ठेवली जाते. तिच्या बैठकीवर वाळूनें कोरलेली बारीक रेघ पुष्कळदां नुसत्या डोळ्यांनीं दिसते.