स्वस्त का, शांत का, आणि नाव कोणाचं?

जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आम्ही घर विकत घेण्याबद्दल बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरचा बारा जणींचा बचत गट. आमच्यातल्या एकीनं गेल्या वर्षी घर घेतलं. ती सुकी मासळी विकते, नवरा बोटीवर खलाशी आहे, पदरात दोन मुली. अकरा वर्षं ती भाड्याच्या खोलीत राहिली. एक दिवस घरमालकांनी सांगितलं, "ताई, दिवाळीपर्यंत खोली सोडा, पर्यटकांना द्यायची आहे." त्यांना तरी काय बोलणार? आम्ही महिन्याला जे भाडं देतो, ते त्यांना शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मिळतं. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू झाला. मुंबई जवळ आली आणि आपलं गाव आपल्यालाच महाग झालं.

मग तिला एका आळीतल्या घराचं कळलं. कौलारू घर, पुढे पडवी, मागे दोन माड आणि विहीर. किंमत सहा लाख. आणि आळी इतकी शांत की समुद्राची गाज ऐकू यावी. ती आनंदानं सांगत आली. आमच्यातल्या एका वयस्कर काकूंनी एवढंच विचारलं, "बाय, स्वस्त का आहे? आणि शांत का आहे?"

हे दोन प्रश्न घेऊन आम्ही पाचजणी घर पाहायला गेलो.

आधी शांततेचं सांगतो. आळीत चौदा घरं, त्यातल्या नवांना कुलूप. माणसं मुंबईला. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला आळी भरते, एरवी पाचच घरांत दिवा लागतो. नवरा बोटीवर गेला की ही दोन मुलींना घेऊन एकटी. रात्री हाक मारली तर कोण ऐकेल? म्हणून आम्ही एकदा मुद्दाम दिवेलागणीनंतर गेलो. शेजारच्या घरात एक म्हातारी आजी आणि तिची सून राहतात, समोर एक शिक्षक कुटुंब. एसटीचा थांबा दहा मिनिटांवर आहे. वाटेवर दिवा नव्हता, तो ग्रामपंचायतीकडे अर्ज करून नंतर लागला. शेजार आहे हे पाहिलं तेव्हा जिवाला बरं वाटलं. शांत घर पाहायला दिवसा जा, तसं रात्रीही जा.

आता स्वस्ताईचं. पहिलं कारण डोक्यावर होतं. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आपल्यापैकी कोण विसरेल? त्या घराची कौलं तेव्हा उडाली होती, वरवर बसवली होती. आम्ही भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभ्या राहिलो. जिथून ऊन आत येतं, तिथूनच पाऊस येतो. अकरा ठिकाणी कवडसे पडले. वासे टोचून पाहिले, दोन वाळवीनं खाल्लेले निघाले. भिंतीवर पाण्याचा डाग कुठपर्यंत आहे ते पाहिलं आणि शेजारच्या आजींना विचारलं, उधाणाचं पाणी कुठवर येतं? विहिरीचं पाणी मे महिन्यात पिऊन बघा, कारण आपल्याकडे श्रावणात सगळ्याच विहिरी गोड असतात. जमलं तर घर दोनदा पाहा, एकदा वैशाखात, एकदा आषाढात. आणि किनाऱ्याजवळ घर असेल तर सीआरझेडचे नियम लागतात. जुनं घर घेतलं तरी पुढे खोली वाढवता येईल का, हे आधी विचारून घ्या. घेतल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरं कारण वाटेचं. घराची पायवाट दुसऱ्याच्या पोफळीच्या वाडीतून जात होती. विकणारे दादा म्हणाले, "सगळे इथूनच जातात." आज जातात, पण उद्या ती वाडी कुणी मुंबईकरानं घेऊन कुंपण घातलं तर? आम्ही नकाशा मागितला. मागच्या बाजूला गावठाणाचा बोळ निघाला, झाडोऱ्यानं बुजलेला. तो साफ केला आणि तीच आता तिची वाट आहे.

तिसरं कारण सगळ्यात मोठं होतं, आणि ते कागदात होतं.

कागद म्हटलं की आपण नमुना 8 चा उतारा दाखवतो. पण मैत्रिणींनो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. शेतजमीन असेल तर सातबारा, 8अ आणि फेरफार पाहायचे. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका पाहायची. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आणि या पत्रिका दिल्या जातात. 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवून वाचा. कर्जाचा बोजा, कूळ, कुणाचा हक्क, सगळं तिथे दिसतं. आणि आपण शेतकरी खातेदार नसलो तर आपल्या राज्यात शेतजमीन अशीच विकत घेता येत नाही. गुंठ्या-दोन गुंठ्याचा तुकडा कुणी स्वस्तात देत असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा, मगच विसार द्या.

आमच्या या घराच्या पत्रिकेवर तीन नावं होती. विकणारे दादा आणि त्यांच्या दोन बहिणी. दादा म्हणाले, "त्या लग्न होऊन गेल्या, मुंबईला असतात. सही काय, पाठवून देतील. तुम्ही विसार द्या, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू."

नोटरी केलेल्या कागदानं घर आपलं होत नाही. शंभर रुपयांच्या वरचं घर किंवा जमीन विकत घेतली की खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. कुलमुखत्यारपत्रावर घर विकलं म्हणजे मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्ही म्हटलं, दादा, दोघी बहिणींशी आमचं बोलणं करून द्या. मोठीला माहीत होतं. धाकटीला घर विकतायत हेच माहीत नव्हतं. ती फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, "त्या विहिरीवर मी दहा वर्षं पाणी भरलंय. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

व्यवहार चार महिने थांबला. आमची मैत्रीण रडकुंडीला आली, कारण दिवाळी तोंडावर आली होती. काहीजणी म्हणाल्या, जाऊ दे, भावाकडून घे, बहिणी काय कोर्टात जाणार आहेत? त्या मिटिंगमध्ये आम्ही भांडलो, खरंच सांगतो. तेव्हा काकूंनी विचारलं, "आपल्यातल्या किती जणींनी माहेरी हक्कसोडपत्रावर सही केली आहे?" सात हात वर झाले. "वाचून किती जणींनी केली?" तीन हात राहिले. चौघींनी भावानं बोट ठेवलं तिथे सही केली होती. महाराष्ट्रात 1994 पासून आणि सगळ्या देशात 2005 पासून हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. मुस्लिम घरातही लेकीला वाटा असतोच. हक्क सोडू नका असं आम्ही म्हणत नाही. भावाचं प्रेम, माहेरची वाट, हे प्रत्येकीचं आपलं आहे. पण सोडायचाच तर वाचून, कळून सोडा. आणि दुसऱ्या लेकीचा हक्क बुडवून मिळणारं घर स्वस्त म्हणून घेऊ नका.

शेवटी धाकटी ताई आली. भावंडं बोलली, तिचा वाटा तिला मिळाला, तिघांनी निबंधकांसमोर सह्या केल्या. बँकेनंही त्यानंतरच कर्ज दिलं. बँक नाही म्हणाली तर रागावू नका, का नाही ते विचारा. बहुतेकदा कागदातलं भोक तिथेच कळतं. घरासाठी गटाचं थोड्या मुदतीचं कर्ज किंवा आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेऊ नका. घराचा हप्ता लांब पल्ल्याचा असतो.

कुणी अलिबाग-पेणकडे नव्या इमारतीत सदनिका घेत असेल तर एवढं लक्षात ठेवा. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय राहायला जाऊ नका.

राहिला तिसरा प्रश्न, नाव कोणाचं? 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये काढली. सहा लाखांवर एक टक्का म्हणजे सहा हजार. गटात महिना दोनशे भरणाऱ्या बाईची ती अडीच वर्षांची बचत आहे. नवऱ्याबरोबर दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही, पण दोघांची नावंही चांगलीच. नाव मात्र आपलं असायलाच हवं.

दीर म्हणाला, "घर वहिनीच्या नावावर कशाला?" तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "मी पाण्यावर असतो. घरपट्टी कोण भरतं, कौलं कोण शाकारतं? तिच्याच नावावर राहू दे."

खरेदीखत झालं की काम संपलं असं समजू नका. मिळकत पत्रिकेवर आपल्या नावाची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरही नाव लावून घ्या आणि वीजमीटर बदलून घ्या. तिनं हे सगळं केलं. दिवाळी मात्र भाड्याच्या खोलीतच गेली. घरमालकांनी दोन महिने थांबून घेतलं, त्यांचे उपकार. माघात ती नव्या घरात गेली. पहिल्या पावसाआधी आम्ही सगळ्याजणी कौलं चढवायला होतो.

पुढच्या मिटिंगला प्रत्येकीनं एक काम करून या. आपण राहतो त्या घराचा कागद ट्रंकेतून काढा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. सासूबाईंसोबत, लेकीसोबत वाचा. नाव नसेल तर का नाही, ते घरात शांतपणे विचारा. आणि काय कळलं ते आपल्या गटात सांगा.