गिरणी कुणाच्या बाजूची?



वऱ्हाडातल्या माणसाला कापसाचा व्यवहार काय समजावून सांगायचा? पण एके काळी हाच कापूस गाठी बांधून विलायतेला जायचा आणि तिकडच्या गिरण्यांतून कापड होऊन परत आपल्याच बाजारात यायचा. १९०५ साली वंगभंगाविरुद्ध स्वदेशीची चळवळ उठली. टिळकांचे निकटचे सहकारी, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्या चळवळीतले आपल्याकडचे मोठे नाव. तेव्हाचा प्रश्न सोपा होता. माल देशी की परदेशी, एवढेच पाहायचे.

अवघड प्रश्न आला १९३० साली. त्या वर्षी अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. (खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला आपण एरवी नावे ठेवतो, त्या साली ते कामी आले!) परदेशी कापडावर पुन्हा बहिष्कार आला. मग गिऱ्हाईक विचारू लागले, "देशी गिरणी म्हणजे नेमकी कोणती, राजेहो?" गिरणी मुंबईत उभी आहे, पण कारभार इंग्रजी कंपनीच्या हाती, सूत बाहेरचे, आणि मालक स्वराज्याच्या चळवळीच्या विरोधात. तिला देशी म्हणायचे का?

तेव्हा काँग्रेसने गिरणीमालकांकडून लेखी हमी मागितली. बहुतांश भांडवल देशी असावे, परदेशी सूत वापरू नये, जाडेभरडे कापड काढून खादीशी स्पर्धा करू नये, आणि राष्ट्रीय चळवळीविरुद्ध प्रचार करू नये. सही करणारी गिरणी यादीत, न करणारी यादीबाहेर. म्हणजे पोताबरोबर मालकाचे राजकारणही पाहून कापड घ्यायचे. आधी मागे राहिलेल्या काही मालकांनी पुढे सह्या केल्या. माल पडून राहू लागला की माणूस विचार करतो, दुसरे काय!

पण यादी आली तशी लबाडीही आली. गिरणीचे जाडे कापड खादी म्हणून खपवणारे निघाले. अस्सल खादीच्या दुकानांना चरखा संघाने प्रमाणपत्रे दिली, ती याचसाठी. आणि खादी महाग पडे, हेही खरे. हातावर पोट असलेल्या माणसाला ती परवडतेच असे नव्हते.

आता आजचे पहा. बिस्किटाचा पुडा हातात घ्या. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, वजन, किंमत, महिना, सारे छापलेले असते. त्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती पैसा दिला, ते मात्र पुड्यावर नसते. २०१७ साली कायदा बदलून, कंपनीने हिशेबात पक्षाचे नाव सांगण्याची अटच काढून टाकली. २०१८ पासून निवडणूक रोखे विकले जाऊ लागले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे आणि कायद्यातला तो बदल, दोन्ही घटनाबाह्य ठरवले. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने रोखे घेणाऱ्यांच्या आणि वटवणाऱ्या पक्षांच्या याद्या लोकांपुढे ठेवल्या.

त्या याद्या वाचणे मोठे गमतीचे काम आहे. एकाच कंपनीने अनेक पक्षांना पैसा दिलेला दिसतो. मग तिला कोणत्या बाजूची म्हणाल? शिवाय यादीतले नाव एक आणि साबणावरचे नाव दुसरेच. १९३० सालची यादी तरी सरळ होती: गिरणीची सही आहे किंवा नाही. आज मोबाइलवर "अमक्याचा माल घेऊ नका" असा निरोप येतो. त्याखाली ना सही, ना तारीख. माझे मत विचाराल तर, असल्या निरोपावर काडेपेटीसुद्धा टाकू नये नि घेऊही नये. पक्षांनी आयोगाला दिलेले देणग्यांचे अहवाल खुले असतात. वीस हजार रुपयांवरच्या देणगीदारांची नावे त्यांत सापडतात. तेवढे पाहून मग ज्याचे त्याने ठरवावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक करून पहा. मुलांना घरून रिकामे पुडे आणायला सांगा आणि बारीक अक्षरातली कंपन्यांची नावे फळ्यावर लिहा. वेगवेगळ्या नावांचे चार साबण एकाच घरचे निघाले की मुलांचे डोळे विस्फारतात. कोणता घ्यावा, हे मात्र मास्तरांनी सांगू नये.

आणखी एक. कंपनीचे राजकारण वेगळे आणि गावातल्या दुकानदाराची जात किंवा धर्म वेगळा. धर्म पाहून कोणाच्या दुकानाची पायरी टाळायला लावणे, याला मी खरेदीतले राजकारण म्हणणार नाही. आणि जातपंचायतीने माणसाला वाळीत टाकणे हा तर २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हाच आहे.

मागे एका शेतकऱ्याने मला विचारले, "हे समदं ठीक हाये भाऊ, पन पेरनीच्या टायमाला काय पाहू?" पाऊस पडून गेलेला, तिफण दारात उभी, आणि सरकीच्या बियाण्याची थैली उधारीवर देणारा तालुक्यात एकच दुकानदार. मी म्हटले, "उगवण पहा, पावती घ्या, आणि पेरायला लागा."