भीमाशंकरचे रान आणि उसाचे पाचट

(बारामती येथे ऊस उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



बारामतीचा बराचसा ऊस नीरा डाव्या कालव्यावर, तर इंदापूरचा पुष्कळसा उजनीवर. हे पाणी सह्याद्रीवरून येते. उजनीतील भीमेचा उगम भीमाशंकरचा. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे तीन हजारांच्या वर. त्या पावसावर वाढलेल्या सदाहरित रानाकडून आपल्याला एक धडा घ्यायचा आहे.

या रानाला मजले असतात. वर जांभूळ, पिसा, त्याखाली अंजनी, आणखी खाली कारवीची झुडपे. खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरी. पावसाचा थेंब आधी पानांवर आपटतो, त्यामुळे माती धुपत नाही.

एवढे दाट रान म्हणजे जमीन कसदार असणार, असे आपणास वाटेल. तसे नाही. अतिपावसाने चुना व पालाश धुऊन जातात आणि तांबडी, आम्लधर्मी जमीन उरते. रानाचा कस झाडांत आणि पालापाचोळ्यात असतो. पान गळते; बुरशी, वाळवी, गांडुळे व जीवाणू ते कुजवतात; वरच्या थरातील मुळ्या अन्नद्रव्ये लगेच शोषून घेतात. हे चक्र तुटले की कस संपतो. घाटात रान तोडून, जाळून नाचणी-वरी घेत. पण दोन-तीन वर्षांतच ती जागा सोडावी लागे.

आता आपल्या शेताकडे पाहा. ऊस तुटला की आपण पाचट पेटवतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे दहा टनांमागे ५० किलो नत्र, त्यातील बहुतेक धुरात जाते. शिवाय सेंद्रिय कर्ब जळतो तो वेगळाच.

रानात पाऊस आणि दमट हवा पाला कुजवतात. आपल्याकडे हवा कोरडी, म्हणून मदत करावी लागते. पाचटात कर्ब जास्त व नत्र कमी असल्याने जीवाणूंना नत्र द्यावे लागते. यासाठी :

१) पाचट सरीत सारखे पसरा, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटा.

२) दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू खत टाका.

३) लगेच पाणी द्या आणि ओल टिकवा.

रानाला कोणी खताचे पोते नेऊन देत नाही, तरी ते हिरवे राहते. कारण ते आपला पाला जाळत नाही. बंधूंनो, येत्या तोडणीनंतर काडी ओढण्याआधी हे आठवा आणि निदान एका एकरावर करून पाहा.